चार सऱ्यांचा मार्का

अनगोळ, बेळगाव
१४ ऑगस्ट १९८३

अण्णा,

जयभीम. तीर्थरूप, सादर वगैरे काही लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मीच तुला लिहिलं होतं की मला भाऊ नाही असं समजते. मग आता एकदम तीर्थरूप कुठल्या तोंडानं लिहू? पण गप्पही बसवेना. झालेली गोष्ट तुला सांगितल्याशिवाय घास गोड लागेना, म्हणून हा कागद घेतला.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच, आप्पांचा खोकला तसाच, शेजारच्या नागुबाईचं तोंड मात्र होतं त्याहून वाढलंय. काकतीकडं भाताची लावणी झाली म्हणतात. झाली ख्यालीखुशाली. आता माझं ऐक.

तुझ्या बहिणीनं एका कंपनीचा मार्का काढला. लोगो म्हणतात बघ त्याला. आणि कंपनी कुठली म्हणशील? आप्पांचीच. उद्यमबागेतली मगदूम मालकांची फाउंड्री, जिथं आप्पा वीस वर्षं वाळूत हात घालून साचे भरतायत. मी काही तिथं काम मागायला गेले नव्हते. मी नोकरी करते त्या टिळकवाडीतल्या स्टुडिओत मालक आपल्या पायानं चालत आले. आमच्या साहेबांनी माझ्याकडं बोट करून सांगितलं, “आमच्या सुला मॅडम करतील.” मॅडम! कोल्हापूरच्या डिप्लोमाच्या वर्गात माझ्या नावाला पोरं फिदीफिदी हसायची, आठवतंय ना? तू ॲडमिशनला घेऊन गेलास त्या दिवशी रडलेसुद्धा होते मी. आता त्याच नावापुढं मॅडम लागतंय. दृष्ट नको लावूस.

कुंथुनाथ मगदूम म्हणजे सदलग्याचे जैन. डोक्याला पांढरी टोपी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. आजवर उसाच्या चरकाची चाकं ओतत होते, आता विहिरीवरचे पंप काढणार आहेत. पंपाच्या अंगावरच बिडात ओतलेली छाप पाहिजे. पण अटी किती!

“बघा बाई,” म्हणाले, “मराठी अक्षर घातलं की गोकाकचा शेतकरी नाक मुरडणार. कन्नड घातलं की कोल्हापूरचा. इंग्लिश घातलं तर घेणाऱ्याला वाचता येणार नाही. म्हणून अक्षरच नको. देव नको, तीर्थंकर नको, जीवजनावर नको. पंप चिखलात पडतोय, माणसं त्याच्यावर पाय देऊन नट आवळतात. पाय लागला तरी कुणाच्या जिवाला लागू नये, असं कायतरी द्या.”

काय राहिलं मग, सांग. आठ दिवस मी नुसती पेन्सिल चावत होते. दातेरी चाक काढलं, तर गल्लीतल्या प्रत्येक वर्कशॉपवर तेच आहे. शेवटी पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा गोल रेघा काढल्या, एकात एक, केसासारख्या बारीक. साहेब खूश, मालक खूश. रवळू मेस्त्रींनी त्याचा लाकडी पॅटर्न केला, साचा भरला, बीड ओतलं. आणि जे निघालं ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेघ नाही, गोल नाही, गोवरी थापल्यासारखा नुसता गोळा. कागदावर काय छान दिसतं आणि वाळूतून काय निघतं, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मालकांनी केबिनमध्ये मोल्डरला बोलावलं, त्यानं काय चुकलं ते समजावून सांगितलं. ते जाऊ दे. सांगायचं ते पुढंच आहे.

पुढच्या आठवड्यात मी दुसरा मार्का नेला. चार जाड पट्टे, शेजारी शेजारी, तिरके, कडा गोलसर, आणि त्यातला एक मध्येच जरासा वाकलेला. बस्स. एवढंच. मालक उठून उभे राहिले. “ह्या उसाच्या सऱ्या! पाणी सोडलेल्या! आमच्या सदलग्याच्या!” आणि वाकलेल्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, “ही तर आमच्या ओढ्याकाठची सरी. तिथं बांध वळलाय, सरी अशीच वाकती. तुम्ही कधी बघितलीसा?”

वाळूतून तो असा सुटून निघाला अण्णा, की रवळू मेस्त्रींनी कास्टिंग हातात घेऊन दोनदा फिरवून बघितलं. आता महिन्याला दोनशे पंप निघणार आणि प्रत्येकावर माझं काम असणार. विजापूरपासून साताऱ्यापर्यंत जिथं विहीर तिथं. खंडेनवमीला कारखान्याच्या फाटकावर मोठी पाटी लावणार आहेत, मला बोलावणं आहे.

एक सांगते. पुण्याला तुझ्या बँकेत जे झालं, त्याबद्दल मी जे लिहिलं होतं त्यातला शब्दही मागं घेत नाही. आप्पा इतक्या लांब तुझ्यासाठी पिशवी घेऊन आले आणि तू मॅनेजरला सांगितलंस, गावाकडचे ओळखीचे आहेत. सोबत गेलेल्या भरमूनं स्वतःच्या कानानं ऐकलं. आप्पांनी आजवर त्यावर चकार शब्द काढला नाही, म्हणून मला जास्तच राग आहे. तो आहेच. पण ही बातमी तुला कळावी असंही वाटलं.

उत्तराची वाट बघणार नाही. पत्ता मात्र वर लिहिलाय.

सुला


अनगोळ, बेळगाव
२० ऑक्टोबर १९८३

अण्णा,

जयभीम. तुझं कार्ड ऑगस्ट संपायच्या आत आलं होतं. तीन वर्षांनी चार ओळी. दोन अभिनंदनाच्या, एक आईच्या गुडघ्याला कुठलं तेल लावावं याची, आणि चौथी: ‘केबिनमध्ये बोलावलेले मोल्डर आप्पाच ना? मग तू आप्पा असं का लिहिलं नाहीस?’

लहानपणापासून तुझं हेच. भाकरीतला खडा नेमका तुलाच लागायचा. मी कार्ड तांदळाच्या डब्यामागं सारून दिलं आणि दोन महिने तिकडं बघितलं नाही. आज काढून पुन्हा वाचलं. आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर परत धीर व्हायचा नाही.

हो, आप्पाच होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी सांगितलं की उद्या फाउंड्रीत जायचंय, मार्का बिघडलाय. आप्पा भाकरी मोडत म्हणाले, “सुले, हापिसात मला वळख दावू नगंस. मोल्डरची पोरगी म्हटल्यावर मालक चित्राकडं बघायचा न्हाय, माझ्या चपलांकडं बघंल. आदी काम बघू दे त्येला.” आई म्हणाली, असलं काय बोलताय. मी आमटी वाढून घेतली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी त्याच विचारात होते, की ते समोर आले तर काय करू. आणि त्यांनीच वाट काढून दिली.

मालकांना कसं कळलं नाही, असं तुला वाटेल. कारखान्याच्या मस्टरवर आप्पा आहेत ‘यल्लाप्पा बसाप्पा’. आपलं आडनाव तिथं कुणी लिहिलंच नाही. आपल्याकडच्या निम्म्या कामगारांची नावं अशीच, स्वतःचं आणि बापाचं. आणि मी स्टुडिओत नुसती सुला मॅडम.

तर आप्पा आले. अंगभर काजळी, हातात ओल्या वाळूचं घमेलं. मी खुर्चीवर, ते दारात. मालक म्हणाले, “हा आमचा यल्लाप्पा, वाळूतला वस्ताद.” मी उठलेही नाही. बसल्या जागेवरून म्हटलं, “नमस्कार काका.”

काका. जयभीमसुद्धा घातला नाही.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “नमस्कार म्याडम,” म्हणाले. आणि घमेलं खाली ठेवून, उकिडवे बसून, मला इतकं समजून सांगितलं की कॉलेजातल्या कुठल्या मास्तरानं सांगितलं नसेल. “म्याडम, तुमच्या रेघा लई बारीक. पॅटर्न उचलला की मधली वाळू संगट उपसून येती. पट्टा जाड पायजे, कडंला उतार पायजे. वाळू सुटली पायजे, तर चित्र ऱ्हातंय.” मग त्यांनी मूठभर वाळू घेऊन घट्ट दाबली. “वाळूत पाणी बराबर हाय का न्हाय, त्ये आसं बगायचं. मूठ उगडली की बोटं उटली पायजेत.” आणि मूठ उघडून तो गोळा त्यांनी मालकांच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला.

चार बोटांचे चार खळगे. एक वाकडा. त्यांचं मधलं बोट तापलेल्या बिडानं भाजून वाकलंय ना, त्याचा.

मी तो गोळा तिथल्या तिथं कागदावर उतरवून घेतला, आहे त्या मापानं. तोच मार्का आहे अण्णा. मी त्यात एक रेघ घातली नाही. कडा तेवढ्या गोल केल्या. सऱ्या मालकांना दिसल्या. त्यांनी विचारलं, कधी बघितलीसा? मी म्हटलं, “हो, सदलग्याला येताजाता बघितल्यात.” सदलग्याला मी जन्मात गेलेली नाही.

म्हणजे बापाला काका म्हटलं, आणि वर त्याची मूठ घेऊन दुसऱ्याच्या शेताचं नाव दिलं. आणि तुला पत्रात काय लिहिलं? ‘माझं काम.’ तुझ्यावरचा राग तर मी त्याच पत्रात परत उगाळला. माझी मलाच शिसारी आली.

घरी आप्पांनी विषय काढला नाही. रोज येऊन सांगायचे, “आज आठ निगाले, एकाचीबी कड तुटली न्हाय.” इतक्या कौतुकानं सांगायचे की मला ताटावरून उठावंसं वाटायचं. त्यांना माहीत होतं ना ती कुणाची मूठ आहे. रोज स्वतःच्या हातानं साचा भरत होते. पण कधी म्हणून बोलले नाहीत.

मग खंडेनवमी आली. आमच्या साहेबांनी बजावून पाठवलं होतं, “सऱ्यांची गोष्ट मालकांना फार आवडलीय. निपाणीच्या त्यांच्या मेहुण्यांचंही काम आपल्याकडं येणार आहे. चार शब्द छान बोला.” कारखाना धुऊनपुसून, यंत्रांना झेंडूच्या माळा, पूजा झालेली. आप्पा दरवर्षीसारखे पूजेपासून बाजूला, स्वतःची थापी आणि करणी स्वच्छ पुसून साच्यांच्या पेट्यांजवळ उभे. शर्ट तेवढा इस्त्रीचा होता. आईनं सकाळी त्याच्यावर दोनदा इस्त्री फिरवली होती.

मालकांनी सगळ्यांना ओढ्याकाठच्या सरीची गोष्ट सांगितली. माझ्या हातात नारळ दिला. “बोला मॅडम,” म्हणाले.

मी घोकून आलेली वाक्यं सुरू केली. “हा मार्का काढताना मला...” आणि तिथंच अडले. शंभर माणसं बघतायत. आप्पा मान खाली घालून उभे. तेव्हा मला तू दिसलास अण्णा, बँकेच्या पायरीवर उभा. मी नारळ टेबलावर ठेवला, सरळ पेट्यांपाशी गेले आणि आप्पांचा हात धरला. ते हात सोडवून घेत होते, “सुले, नगं, नगं,” करत होते. मी सोडला नाही. त्यांना पुढं आणलं आणि म्हटलं, “मालक, मी खोटं बोलले. मी सदलगा बघितलेला नाही. ही सरी नाही, ही यांची मूठ आहे. आणि हे माझे वडील आहेत.”

 

मालक आप्पांकडं वळले. “हौदेनो यल्लाप्पा?” खरं काय रे हे?

“व्हय मालक. माजी पोरगी हाय ती.”

“वीस वर्षं माझ्याकडं आहेस. पोरगी एवढी शिकली, कधी बोलला नाहीस?”

आप्पा शांतपणानं म्हणाले, “तुमी कदी इचारलं न्हाईसा.”

रागानं नाही हं. नुसतं झालं ते सांगितल्यासारखं. पण मालकांची मान खाली गेली, मी बघितली. तेवढ्यात मागून रवळू मेस्त्री म्हणाले, “मला पॅटर्न कोरतानाच वळखलं हुतं. हे वाकडं बोट दुसऱ्या कुणाचं हाय?” म्हणजे त्यांनाही माहीत होतं. त्या कारखान्यात माहीत नव्हतं ते एका मालकांनाच.

मालकांनी फाटकावरच्या नव्या पाटीकडं बघितलं. माझ्या मनात आलं, आता म्हणतील काढा खाली, निपाणीचं काम गेलं, कदाचित आप्पांचंही. मग त्यांनी विचारलं, “यल्लाप्पा, तुझं आडनाव काय?” वीस वर्षांनी. आप्पा म्हणाले, “कोलकार.” मालकांनी ते एकदा स्वतःशी उच्चारून बघितलं. ते काय आडनाव आहे, कुणाचं आहे, हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. कारकुनाला म्हणाले, “उद्यापासून मस्टरवर पूर्ण नाव लिहायचं.” आणि मला म्हणाले, “बाई, शेतकऱ्याला सऱ्या दिसू देत. इथल्या माणसांना मूठ दिसंल. दोन्ही खरंच आहे.” खोटं बोलल्याबद्दल चहा पिताना मला वेगळं झाडलं, ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, निपाणीचं काम येईल की नाही देव जाणे. येऊ दे नाही तर न येऊ दे. मी त्या दिवशी आप्पांबरोबर फाटकातून बाहेर पडले ती मान वर करून. त्यांच्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून आले, या वयात, नागुबाईच्या दारावरून.

आता खरं पत्र सुरू होतंय, अण्णा.

वाटेत चढावर उतरून चालताना मी विचारलं, “आप्पा, केबिनमध्ये मी काका म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं?” ते म्हणाले, “मीच सांगितलं हुतं की तुला.” मी म्हटलं, सांगितलं असलं तरी. मग थोडं पुढं जाऊन म्हणाले, “वाटलं. आन तुज्या अण्णालाबी, सत्याप्पाला, मीच सांगितलं हुतं.”

मी सायकल धरून थांबवली.

म्हणाले, तुमच्या बँकेच्या दारात तू त्यांना बघून पायऱ्या उतरून धावत आला होतास. त्यांनीच तुला आधी सांगितलं, “नवी नोकरी हाय तुजी, कुणी इचारलं तर गावाकडचा हाय म्हन. माझा ह्यो अवतार बगून तुला खाली बघाय लागंल.” भरमू तेव्हा पिशवी घेऊन मागं होता, त्यानं पुढचं तेवढं ऐकलं. मी तुला तसलं पत्र लिहिलं तेव्हा आप्पांना ते माहीतच नव्हतं. त्या चढावर मी सांगितलं, तेव्हा ते रस्त्यातच मटकन बसले.

आणि तू. तीन वर्षं. एका ओळीत लिहिता आलं असतं, आप्पांनीच सांगितलं होतं म्हणून. का लिहिलं नाहीस? मी रात्रंदिवस तुला शिव्या घातल्या, आईला तुझं नाव काढू दिलं नाही, आणि तू गप्प ऐकून घेतलंस.

मला वाटतं, का ते मला कळलंय. कारण त्यांनी सांगितलं आणि आपल्याला बरं वाटलं. तुलाही वाटलं असणार. तेच बोचतंय. त्यांनी सांगितलं असलं तरी ऐकलं आपण. हे मला केबिनमध्ये त्या खुर्चीत बसल्याशिवाय कधी कळलं नसतं. माझं ते पत्र अजून ठेवलं असशील तर चुलीत घाल. मी चुकले. तुझ्यापुढं हात जोडते, आणि तुला माहीत आहे मी कुणापुढं सहज जोडत नाही.

आप्पांना विचारलं, अण्णाला काय लिहू? म्हणाले, “माफी माग म्हनून लिवू नगंस. त्येनं काय खून केल्याला न्हाय.”

म्हणून माफीचं लिहीत नाही. एवढंच कळवते, की डिसेंबरात पुण्याला शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन आहे आणि मालक आमच्या पंपाचा स्टॉल लावतायत. लोकांना साचा कसा भरतात ते दाखवायला आप्पा जाणार आहेत, नऊ तारखेपासून तीन दिवस. कपडे कामाचेच असतील, तेच दाखवायचंय. त्यांच्या छातीवर पहिल्यांदाच नावाची चिठ्ठी लावणार आहेत, पूर्ण नावाची, ती मी माझ्या हातानं लिहिली आहे. तू गेलास तर ते तुला ओळख दाखवणार नाहीत. चारचौघांत तुझी अडचण नको म्हणून परक्या गिऱ्हाइकासारखं ‘या साहेब’ म्हणतील. या वेळी त्यांचं ऐकू नकोस. मॅनेजरला घेऊन जा, सगळ्या बँकेला घेऊन जा, आणि लांबूनच हाक मार.

काय हाक मारायची ते तुला माहीत आहे.

तुझी धाकटी,
सुला यल्लाप्पा कोलकार